कळफलक गेला कुठे?

अंबडची मत्स्योदरी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. माशासारख्या दिसणाऱ्या टेकडीवरचे हे देवीचे स्थान. त्या अंबडात माझ्या मामांचे घर आहे. 2024 च्या सप्टेंबरात, अगदी आरंभीच, मराठवाड्यात अतोनात पाऊस झाला आणि मामांच्या कपाशीत गुडघाभर पाणी साचले. पीकविम्याच्या तेव्हाच्या नियमाने अशा नुकसानीची खबर 72 तासांच्या आत द्यावयाची होती. मामा टॅब घेऊन बसले, अर्जाच्या चौकटीवर बोट ठेवले. पण खाली अक्षरांची पाटी काही उमटेना.

"अरे, शेतात होती की! घरी आलो अन् गेली," मामा म्हणाले.

खरेच तसे होते. शेतात पाटी येई, पण तेथे रेंज नाही. घरी रेंज होती, तर पाटी नाही. एक रात्र अशीच गेली होती.

आता ही पाटी, म्हणजे कळफलक, अशी येते-जाते कशी? एके काळी तिला कुठे जाताच येत नव्हते, कारण ती लोखंडाची होती. रेमिंग्टन कंपनीने 1874 साली टाइपरायटर बाजारात आणला तो इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांच्या मापाचा. आपल्या देवनागरीला तो अंगरखा तोकडा पडला. स्वर, व्यंजने, मात्रा, उकार, रफार आणि वर ही जोडाक्षरांची पलटण! कळा मात्र चाळीस-पंचेचाळीस. एकेका कळेवर दोन दोन खुणा बसवल्या तरी हिशेब नव्वदीपाशी संपतो. मग तोड निघाली. अर्धे अक्षर उठवायचे आणि त्याला काना लावून पुरे करायचे. 'कि' लिहायचे तर वेलांटी आधी ठोकायची, क मागून, कारण कागदावर डावीकडे ती आधी येते. जिभेला जे आधी येते ते बोटांना नंतर! ही उलटी चाल शिकण्यात टंकलेखकांच्या पिढ्या गेल्या.

अंबडकरांची गोष्ट तर आणखी निराळी. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि दरबारची भाषा उर्दू. घरात बोलायची ती मराठी सरकारी कागदावर शोधूनही सापडणे कठीण. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, मग 1964 चा राजभाषा अधिनियम आला. मधल्या काळात, 1955 साली, गोदरेजने देशी टाइपरायटर काढला. अक्षरे समोर नसणे म्हणजे काय, हे ह्या मुलखाला कुणी सांगायला नको.

पुढे संगणक आले. इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 साली प्रमाण ठरवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. आणि 'कि' लिहिताना क आधी, वेलांटी नंतर, अगदी बोलतो तसे. मला विचाराल तर मांडणी म्हणावी ती हीच. तरी एका कचेरीतले मराठी दुसऱ्या कचेरीत उघडले की नुसती बाराखडीची खिचडी दिसे, कारण ज्याचा त्याचा टंक वेगळा. 1991 साली युनिकोड निघाले आणि प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळण्याची सोय झाली. गंमत पाहा, आपला 'ॲ' त्यात स्वतंत्र अक्षर म्हणून आला 2008 साली. तोवर 'ॲप' लिहायला अ आणि वरचा चंद्र यांची मोट बांधावी लागे.

काचेवरच्या पाटीचे दिवस त्याच सुमारास सुरू झाले. 2007 साली आयफोन आला. त्याला अक्षरांच्या कळाच नव्हत्या. अँड्रॉइडच्या यंत्रांना पडद्यावरची पाटी मिळाली 2009 च्या एप्रिलात. आता कळफलक ही वस्तू राहिली नाही. तो एक कार्यक्रम झाला, हाक मारली की येणारा. त्याचे फायदे काय सांगावेत! मराठी, उर्दू, इंग्रजी एकाच काचेवर. पण हाक ऐकू गेली नाही तर येतही नाही. आणि दुसरा कुणी कामाला हजर आहे असे वाटले, तर मुद्दाम दूर राहतो.

येथे मला शेत आणि घर यांतला फरक आठवला. "मामा, घरात ह्याचा सुटा कीबोर्ड आहे का?"

होता! नातू संध्याकाळी बिनतारी कीबोर्डावर अभ्यास करी आणि तो चालूच ठेवून फडताळात टाकी. टॅबला वाटे, लिहिण्याची सोय जवळच आहे, आपली पाटी कशाला काढा? शेतापर्यंत फडताळाची हाक पोचत नसे, म्हणून तेथे पाटी निमूट येई. आम्ही टॅबचे ब्लूटूथ बंद केले, चौकटीवर बोट ठेवले, आणि पाटी वर आली.

सुटा कीबोर्ड नसेल, तर पहिल्याने यंत्र बंद करून पुन्हा चालू करून पाहावे. मग सेटिंग्जमध्ये कीबोर्डांची यादी असते, तीत आपला कीबोर्ड चालू आहे ना, हे बघावे. कधी त्याला नवी आवृत्ती हवी असते. टॅबवर कधी पाटी लहान होऊन कोपऱ्यात तरंगत असते, ती ओढून खाली आणायची. आणि पाटी आहे पण मराठी नाही, असे झाले तर त्याच कीबोर्डाच्या भाषांत मराठी जोडावी. उपाय शोधायला टाइप करावे लागते अन् टाइप करायला पाटी नाही, ही अडचण आलीच, तर माइकचे चिन्ह दाबून बोलावे.

मामांनी गट क्रमांक घातला, कपाशी निवडली, पाणी कधी साचले ती तारीख लिहिली. 72 तासांतले अजून काही तास शिल्लक होते. अर्ज गेल्यावर पडद्यावर क्रमांक आला, तो त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर पेनाने उतरवून घेतला आणि नातवाला हाक मारली, "तो तुझा कीबोर्ड आधी बंद कर बघू."