मक्याच्या दाण्यातून इंधन

ऊस आणि इथेनॉल हे समीकरण महाराष्ट्राच्या चांगलेच अंगवळणी पडले आहे. खानदेशातील पीकपद्धती मात्र निराळी. मेहरूणची बोरे प्रसिद्ध, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले; पण इंधनाच्या दृष्टीने पाहिले, तर येथील महत्त्वाचे पीक मका हेच होय. २०२३-२४ च्या इथेनॉल वर्षात देशात धान्यापासूनचे इथेनॉल उसाच्या इथेनॉलपेक्षा अधिक झाले आणि त्यात सर्वांत मोठा वाटा मक्याचा होता.

उसाच्या रसात साखर तयारच असते. मक्यात, ज्वारीत ती पिष्टाच्या रूपात बंदिस्त असते. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांब साखळी. यीस्टला ती थेट पचत नाही. भाकरीचा घास बराच वेळ चावल्यावर गोडसर लागतो, कारण लाळेतील विकर ही साखळी तोडते. कारखान्यात हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. मका दळून पाण्यात कालवतात. सुमारे ८५ ते ९५ अंश सेल्सिअसला अल्फा अमायलेज हे विकर घालून ती खळ पातळ करतात. मग ग्लुकोअमायलेज उरलेल्या तुकड्यांचे ग्लुकोज करते.

त्यानंतर यीस्टची पाळी. साधारण ३० ते ३४ अंशांवर, ४८ ते ७२ तासांत आंबवण पूर्ण होते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून हिशेबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे जवळपास निम्मे वजन हवेत जाते. आंबवणात अल्कोहोल १० ते १४ टक्क्यांच्या आसपास असते. ऊर्ध्वपातनाने ते ९५ टक्क्यांपर्यंत नेता येते. पुढचे पाणी साध्या उकळण्याने निघत नाही. ते विशिष्ट चाळणीसदृश पदार्थातून शोषून घेतल्यावरच पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे इथेनॉल तयार होते. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते, शिवाय जवळपास ३०० किलो प्रथिनयुक्त सुका चोथा उरतो. तो पशुखाद्यात जातो.

मग केळी का नाही? कच्च्या केळीत पिष्टच असते, पिकताना त्याची साखर होते. परंतु फळात तीन चतुर्थांश पाणी. नाकारलेला माल कारखान्यापर्यंत वाहून नेणे म्हणजे भाडे भरून पाणीच वाहून नेणे.

धान्यापासून अल्कोहोल ही कल्पना राज्याला नवी नाही. अशा प्रकल्पांना अनुदान देण्याचे धोरण शासनाने २००७ मध्ये आणले, तेव्हा ज्वारीची दारू होणार म्हणून डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी विरोध केला होता. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खराब धान्य, तुकडा तांदूळ यांना इंधनाचे दार उघडले. पावसात काळ्या पडणाऱ्या खरीप ज्वारीला त्यातून गिऱ्हाईक मिळू शकते, हा त्यातील न्याय्य भाग. मका मात्र खराब नव्हे, चांगलाच लागतो. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१.८६ रुपये झाला.

खरा पेच येथेच आहे. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र. कोंबड्यांच्या खाद्याचा मुख्य घटक मकाच. कारखान्याची मागणी वाढली, की उत्पादकाला दोन पैसे जास्त मिळतात आणि पोल्ट्रीवाल्याचा खर्च वाढतो. एरवी निर्यात करणाऱ्या भारताला २०२४ मध्ये मका मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागला. दुसरीकडे, उरलेला चोथा स्वस्त पडत असल्याने सोयापेंडीची मागणी घटल्याची तक्रार तेल उद्योगाने केली. म्हणजे शेजारच्या बांधावरील सोयाबीनवाल्याचे नुकसान. मक्याचा फायदा सांगताना हा भाग सहसा गाळला जातो.

वाहनधारकाच्या बाजूचा हिशेबही सरळ नाही. २०२५ मध्ये देशात २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्के, दुचाकींचे ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिलेला आहे.