आधी यादीत नाव

मतदान कमी झालं की आपल्या गटाच्या बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच, "सक्ती करा बाई, मत नाही दिलं तर रेशन बंद करा!" हसण्यावारी नेऊ नका. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे, कारण नसताना चुकवलं तर दंड होतो. शेजारच्या गुजरातनेही स्थानिक निवडणुकांसाठी तसा कायदा करून पाहिला. २००९ साली विधेयक मंजूर झालं, राज्यपालांनी ते परत पाठवलं. २०१४ मध्ये नव्या राज्यपालांची सही झाली, दंड शंभर रुपये ठरला आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

पण मत न देणाऱ्याला दंड करायचा, तर आधी तिचं नाव यादीत हवं ना? आपल्या देशात बायकांचं नाव यादीत कसं आलं, ते आज सांगते.

इंग्रजांच्या काळात मत होतं ते जमीनजुमला असणाऱ्यांना, कर भरणाऱ्यांना. १९१९ च्या कायद्याने बायकांना वगळलंच होतं, फक्त प्रांतांना वाटलं तर त्यांनी द्यावं म्हणून दार किलकिलं ठेवलं. मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्याने १९२१ मध्ये ते उघडलं. पण अट तीच, मालमत्तेची. आता सांगा, तेव्हा सातबाऱ्यावर किती बायकांचं नाव असणार? आजही किती जणींचं आहे? १९३५ च्या कायद्याने थोडी वाट रुंद केली. मालमत्तावाल्याची बायको किंवा विधवा असली तर मत, नाहीतर लिहिता-वाचता आलं तर मत. म्हणजे मत तिचं, पण बहुतेकींची पात्रता नवऱ्याची. शेतमजुराची निरक्षर बायको बाहेरच. डॉ. आंबेडकरांनी तर १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढे सगळ्या सज्ञान स्त्री-पुरुषांना मत द्या, असं मांडलं होतं.

ते झालं राज्यघटनेने. कलम ३२६ : एकवीस वर्षं पूर्ण झालेला प्रत्येक नागरिक मतदार. (अठरा झालं ते पुढे, १९८९ मध्ये.) शिक्षण, जमीन, जात, नवरा, काही विचारायचं नाही. मग कर्मचारी याद्या करायला गावोगाव, घरोघर फिरले. आणि तिथे एक वेगळीच अडचण आली.

बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत कितीतरी बायका परक्या माणसाला आपलं नावच सांगेनात. रीतच तशी होती. कुणी म्हणे अमक्याची बायको, कुणी म्हणे तमक्याची आई. कर्मचाऱ्यांनी तसंच लिहून घेतलं. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो, तिकडे स्वतःचंच नाव तोंडातून निघेना.

सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. आयोगाने ठाम सांगितलं : नाव हा मतदाराच्या ओळखीचा भाग आहे, नाव सांगितल्याशिवाय नोंद नाही. आधीच्या तशा नोंदीही दुरुस्त करा, नाव मिळालं नाही तर काढून टाका. बिहारला त्यासाठी महिन्याची मुदत वाढवून दिली, तिथे बरीच नावं मिळाली. राजस्थानात मुदत देऊनही फारसा उपयोग झाला नाही. देशातल्या सुमारे आठ कोटी बायका-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणी यादीबाहेर राहिल्या. १९५१-५२ ची पहिली निवडणूक त्यांच्याशिवाय झाली.

२८ लाख बायकांचं मत गेलं, ही लहान गोष्ट नाही. दोष रीतीचा, शिक्षा बाईला, असं कुणी म्हणेल आणि ते खोटंही नाही. तरी मला वाटतं सेन यांचं बरोबर होतं. "अमक्याची बायको" म्हणून केंद्रावर कुणीही उभी राहू शकते. नवऱ्याने दुसरी केली तर मत कुणाचं? शिवाय मालमत्तावाल्याची बायको म्हणून मिळणारं मत घटनेने बंद केलं होतं, ते मागच्या दाराने परत आलं असतं. म्हणजे सक्ती केली ती मत देण्याची नाही, स्वतःचं नाव सांगण्याची.

पुढचे आकडे बघा. १९६२ मध्ये लोकसभेला शंभर पुरुष-मतदारांपैकी ६३ जणांनी मत दिलं, शंभर बायकांपैकी जेमतेम ४७ जणींनी. २०१९ मध्ये दोघांचंही प्रमाण ६७ टक्के, आणि बायका काकणभर पुढेच. दंड कुणाला भरावा लागला नाही.

आपल्याकडे आज अडतं ते वेगळ्या जागी. लग्न झालं की आडनाव बदलतं, कधी कधी पाळण्यातलं नावसुद्धा. माहेरच्या यादीत एक, आधारवर दुसरं, गटाच्या पासबुकात तिसरं. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन भांडण्यापेक्षा आधीच बीएलओंकडे यादी बघा. नाव चुकलं असेल किंवा माहेरहून सासरी आणायचं असेल तर नमुना ८ भरायचा. कधीच नोंदवलं नसेल तर नमुना ६. आणि घरात अठराची होणारी मुलगी असेल, तर आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. तिचं नाव तिलाच लिहू द्या.