पुडीचा कागद

दौलताबादहून खुलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर कागजीपुरा नावाचे जे लहानसे गाव लागते, त्याची हकीकत सांगणारे बहुधा 1327 या सालापासून आरंभ करतात. कारण महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीस आणली तेव्हा दरबारामागून मुन्शी आणि मुन्शींमागून कागद करणारे कागजी या मुलखात येऊन वसले, अशी तेथील परंपरा आहे. राजधानी थोड्याच वर्षांत परत गेली. कागजी मात्र राहिले. पुढे मलिक अंबराने 1610 मध्ये खडकी वसविली, औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचे औरंगाबाद झाले, निजामाची मसनदही 1763 पर्यंत येथेच होती. आणि सुभ्याच्या या शहराला फर्मानांसाठी, सनदांसाठी, जमाबंदीच्या ताळेबंदांसाठी कागद अखंड लागत गेला. शाहजहान व औरंगजेब यांच्या काळचे जे मोगल दफ्तर येथील किलेअर्कात पडून होते, ते 1916 मध्ये हैदराबादेस नेण्यात आले, तेव्हाही ते वाचण्याजोगे होते, यावरून त्या काळच्या हातकागदाची जात कळावी.

हा कागद झाड तोडून होत नसे, हे आजच्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे. जुन्या चिंध्या, तागाच्या फाटक्या गोण्या, झिजलेले दोर आणि रद्दी झालेला कागद हेच हातकागदाचे द्रव्य. ते चुन्याच्या पाण्यात मुरवून, पायाने चालणाऱ्या ढेकीखाली कुटून, पुन्हापुन्हा धुऊन त्याचा लगदा करावा, तो हौदात कालवून गवताच्या बारीक काड्यांच्या चटईवर एकेक ताव उचलावा, ताव भिंतीवर चिकटवून वाळवावा, पिठाची खळ देऊन गारगोटीने घोटावा, आणि मग तो लेखणीला योग्य व्हावा, असा हा क्रम होता. एका तावामागे इतके हात लागत असल्यामुळे कोरा कागद ही सामान्य माणसाच्या घरातली वस्तू नव्हती. औषध बांधण्यासाठी तो कोणी खर्ची घातला नसता. लिहून जुना झालेला कागदच वैद्याच्या आणि पंसाऱ्याच्या गादीपाशी येई.

याच वाटेने पुडी आपल्या वैद्यकात रुळली. चूर्ण असो, भस्म असो की हकिमाचा सफूफ असो, मात्रा गुंजेच्या मापाने तोलून कागदाच्या चौकोनी तुकड्यावर घ्यावी, कडा दुमडून पुडीचे एक टोक दुसऱ्यात खोचावे, आणि अनुपान मधाचे की तुपाचे ते तोंडी सांगावे, हा प्रघात इतका अंगवळणी पडला होता की त्यात कला आहे हे कोणाच्या लक्षातही येत नसे. डिंक नाही, दोरा नाही, आणि तरी कणभर भस्म सांडत नाही, अशी ती घडी मला कोणत्याही यंत्राच्या कामाइतकीच आदरणीय वाटते. या पुड्यांपायी मराठी इतिहासाची जी हानी झाली तीही विसरता येत नाही. मोडी रुमालांतले कितीतरी कागद रद्दीच्या भावाने दुकानांत गेले, आणि इतिहाससंशोधकांनी त्याबद्दल केलेला शोक अगदी यथार्थ आहे.

पाश्चात्त्य वैद्यक आल्यावर कागदाने आपले रूप बदलले. कंपौंडर औषधाची बाटली भरून देई, तिच्या अंगावर कागदाची अरुंद पट्टी चिकटवी, आणि पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडी; एक खाच म्हणजे एक मात्रा. ज्याला अक्षरओळख नाही अशा रोग्यालाही आपण किती घेतले आणि किती उरले हे त्या खाचांवरून समजे. हातकागदाची धंद्यातली जागा मात्र तोवर गिरणीच्या स्वस्त कागदाने बळकावली होती. 1934 मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, के. बी. जोशी यांनी हातकागदावर शास्त्रशुद्ध प्रयोग केले, त्यामुळे ही विद्या नामशेष होण्यापासून वाचली. पण औषधाच्या व्यवहारात ती पुन्हा शिरली नाही.

याचे कारण स्वस्ताईत शोधणे अपुरे आहे. पुडीतले औषध दोन-चार दिवसांत, त्याच गावात संपावयाचे असे. म्हणून कागद ओलावा शोषतो हा त्याचा दोष तेथे दोष ठरत नसे. औरंगाबादजवळच्या चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत, पैठणच्या रस्त्यावर, जेव्हा औषधांचे कारखाने उभे राहिले, तेव्हा येथे झालेली गोळी समुद्रापार जाऊ लागली, दोन-तीन वर्षे टिकावी लागली, आणि औषधांविषयीच्या 1945 च्या नियमांप्रमाणे तिच्यावर तुकडी-क्रमांक व मुदत छापणे अवश्य झाले. हे काम अॅल्युमिनियमच्या वर्खाने आणि प्लॅस्टिकच्या पापुद्र्याने केले. ज्या जिल्ह्यात सहाशे वर्षे चिंध्यांचा कागद झाला, त्याच जिल्ह्यात गरवारे आणि कॉस्मो या कंपन्यांच्या प्लॅस्टिक फिल्मच्या गिरण्या आल्या. कागदाकडे बाहेरची डबी, आतले माहितीपत्रक आणि मोठे खोके एवढेच उरले.

महाराष्ट्र शासनाने मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा औषधांच्या वेष्टनाला सूट दिली, आणि ती देणे भाग होते. दमट हवेने निकामी झालेली गोळी रोग्याला देणे हा पर्यावरणाचा नव्हे, प्राणाचा प्रश्न आहे. परदेशांत लगद्यातूनच गोळीसाठी खोबणी घडविण्याचे प्रयोग चालू आहेत, पण ओल अडविण्यासाठी कागदाला जो लेप द्यावा लागतो तोच पुन्हा कागदाचा लगदा करताना आड येतो. कागजीपुऱ्याच्या कागदाला दिलेली पिठाची खळ पाण्यात विरघळत असे, म्हणूनच तोच कागद पुन्हा हौदात जाऊ शके. ओल अडवूनही पुन्हा लगदा होऊ देणारा असा लेप सापडेपर्यंत, जे कागदाने आजही निर्वेध होते ते तरी करावे. सुटी गोळी देताना दवाखान्यातून कागदी पाकीट द्यावे, त्यावर सकाळसाठी सूर्य व रात्रीसाठी चंद्र छापावा, आणि ते पाकीट वर्तमानपत्राच्या शाईने माखलेल्या रद्दीचे नसून कोऱ्या, चिंध्यांच्या लगद्याच्या कागदाचे असावे. शासकीय रुग्णालयांनी अशी पाकिटे नियमाने खरेदी केली, तर कागजीपुऱ्यासारख्या गावांच्या हौदांना बारमाही काम मिळेल.