लहानग्यांची साक्ष

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकिल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. मी वर्गात शिकवतो तेही बहुतेक तेच. पण आजारांनाही इतिहास असतो, आणि तिथेही साक्षीपुरावे तपासावे लागतात. अशाच एका खटल्याची हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे. त्यात निर्णायक साक्ष दिली ती लहान लेकरांनी.

१९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातल्या पाच तरुणांच्या चमत्कारिक आजाराची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे ज्याला एड्स हे नाव पडले, त्या रोगाची ही पहिली नोंद. १९८२ संपता संपता तान्ह्या मुलांतही तो दिसू लागला. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी, ल्युक माँतान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा विषाणू शोधून काढला. तोच आपला एचआयव्ही.

मग १९८४ साली न्यूयॉर्क आणि मायामी येथील डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. या रोग्यांपैकी काहींची मूत्रपिंडे अवघ्या काही महिन्यांत निकामी होत होती. मूत्रपिंडाचे काम काय, तर चाळण्याचे. घरातली पिठाची चाळण आठवा. पीठ खाली पडते, कोंडा वर राहतो. इथे थोडे उलटे आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म चाळण्या असतात. त्या रक्तातली घाण पाण्याबरोबर खाली सोडतात, आणि प्रथिनांसारखा मोलाचा ऐवज वर राखतात. या रोग्यांच्या चाळण्या फाटल्यासारख्या झाल्या होत्या आणि ऐवज लघवीवाटे वाहून जात होता.

पण हे मानायला पुष्कळ जाणते लोक तयार नव्हते. या रोग्यांपैकी कित्येकजण सुईने हेरॉइन टोचून घेणारे होते, आणि हेरॉइनने मूत्रपिंड बिघडते अशी समजूत आधीपासूनच रूढ होती. ‘नशा केली, त्याचे फळ भोगताहेत,’ एवढ्यावर प्रश्न मिटत होता. रोग्याच्या अंगाला दोष चिकटवला की कारण शोधण्याची दगदग वाचते. आपल्याकडे देवीच्या, महारोगाच्या वेळी याहून वेगळे काय घडले?

आणि इथे लेकरे साक्षीला उभी राहिली. मायामीच्या डॉक्टरांना तोच विकार लहान मुलांच्या मूत्रपिंडांत आढळला. ही मुले आईकडून, जन्माच्या आगेमागे, विषाणू घेऊन आलेली. त्यांनी कधी सुई हाती धरली होती? हेरॉइनवरचा आरोप तिथेच ढिला पडला. पुढे उंदरांवर प्रयोग झाले. विषाणूची जनुके असलेल्या उंदराचे मूत्रपिंड निरोगी उंदरात बसवले, तरी ते बिघडत गेले. निरोगी मूत्रपिंड आजारी उंदरात बसवले, तर ते शाबूत राहिले. १९९७ साली हे प्रसिद्ध झाले, आणि घाव खुद्द मूत्रपिंडातच बसतो हे पटले.

मग एक कोडे उरले. हा विकार बहुतांशी आफ्रिकी वंशाच्या लोकांतच का? त्याचे उत्तर २०१० साली सापडले. आफ्रिकेतील निद्रारोगापासून बचाव करणारा एका जनुकाचा फरक त्यांच्या पूर्वजांत पसरला होता. जी ढाल पूर्वजांच्या कामी आली, तीच वंशजांच्या मूत्रपिंडांना भोवली. आपल्याकडे हा विशिष्ट विकार क्वचितच दिसतो. म्हणून आपली मुले निर्धास्त आहेत असे मात्र समजू नका. इतर संसर्ग, शरीरातली झुंज, आणि काही औषधे यांनीही मूत्रपिंड दुखावते.

औषधांची कथाही ऐका. १९९४ साली असे दिसून आले की, गरोदर आईला आणि नवजात बाळाला एक औषध दिले तर बाळाला होणारी लागण सुमारे दोन तृतीयांशाने घटते. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि मरणाच्या दारातले लोक उठून कामाला लागले. पण किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर! २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये ती औषधे देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले, त्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. मुलांसाठी खास कार्यक्रम मात्र २००६ साली आला. साक्ष द्यायला मुले पुढे, पंगतीला शेवटी!

आज वेळेवर उपचार मिळालेली मुले शाळा शिकतात, मोठी होतात, संसार थाटतात. परंतु गोळ्या जन्मभर घ्यायच्या, आणि टेनोफोविरसारखे औषध एखाद्याच्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. म्हणून लघवीची आणि रक्ताची तपासणी ठरल्या वेळी व्हावी. लघवीत बुडवायची पट्टी क्षणात रंग बदलून प्रथिनांची खबर देते.

गुरुजी, बाई, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. सकाळी एखाद्या मुलाचे डोळे सुजलेले दिसले, पावले सुजली, लघवीला फेस येतो असे घरचे म्हणाले, तर पालकांना गाठून मुलाला दवाखान्यात पाठवा. अशी सूज नाना कारणांनी येते, तेव्हा मनाशी तर्क बांधू नका. आणि एखाद्याला एचआयव्ही आहे हे कळलेच, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. शेजारी बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने तो लागत नाही. अशा मुलाला शाळा नाकारण्यास २०१७ चा कायदा मनाई करतो. तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आहे.

मायामीच्या त्या मुलांपैकी किती वाचली असतील? तेव्हा औषधेच नव्हती. तुमच्या वर्गातल्या मुलासाठी ती आहेत. त्याने गोळी चुकवू नये, तपासणी चुकवू नये, आणि बाकावरची त्याची जागा कोणी हिरावून घेऊ नये, एवढे आपण पाहू या.