ग्लोरियाचा उतार : लिस्बन, 3 सप्टेंबर 2025

जहाज बंदराला लागतं आणि हातात सात-आठ तास असतात. क्रूझ कंपनीची सहल न घेता जे आपले आपण शहर पाहायला उतरतात, त्यांना लिस्बन फार सोयीचं आहे. क्रूझ टर्मिनल जुन्या शहराच्या पायथ्याशीच आहे. समोर अल्फामाच्या गल्ल्या चढत जातात आणि तेजो नदीच्या कडेने चालत निघालं की थोड्याच वेळात प्रासा दु कोमेर्सियोचा भव्य चौक येतो. बाकीचं शहर टेकड्यांवर वसलेलं. त्या चढायला पिवळ्या ट्राम आहेत आणि उभ्या उतारांवर केबलने चालणारी फनिक्युलर आहेत.

त्यांतल्या सर्वात प्रसिद्ध फनिक्युलरवर, एलेव्हादोर दा ग्लोरियावर, 3 सप्टेंबर 2025 रोजी 16 जणांनी प्राण गमावले. हा त्या दिवसाचा घटनाक्रम. यातला पर्यटकाचा दिवस लिस्बनमधल्या कोणत्याही दिवसासारखा आहे. केबल, तपासणी आणि अपघात यांचा तपशील सरकारी तपासात आणि त्या वेळच्या बातम्यांत नोंदला गेलेला आहे.

जवळपास 140 वर्षं आधी

24 ऑक्टोबर 1885 रोजी ग्लोरिया सुरू झाली. अभियंता राउल मेस्निये दु पोंसार. खाली रेश्तौरादोरेश चौक, वर बाइरो आल्तोचा भाग, मध्ये सुमारे 265 मीटरचा तीव्र चढ. दोन डबे एकाच केबलने जोडलेले. एक उतरतो तेव्हा त्याच्या वजनाने दुसऱ्याला चढायला मदत होते. केबल रस्त्याखालच्या चरातून जाते, त्यामुळे डब्यात बसलेल्याला ती दिसत नाही. पुढे ग्लोरिया विजेवर चालू लागली आणि 2002 मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

जवळपास तीन वर्षं आधी

2022 च्या अखेरीस ग्लोरियावर नव्या प्रकारची केबल बसवली गेली. शहराची वाहतूक कंपनी कार्रिशने स्वतःच ठरवलेल्या निकषांत ती बसत नव्हती आणि प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणितही नव्हती. ग्लोरियावर केबलच्या टोकाशी फिरती जोडणी असते. ही केबल तशा जोडणीसाठी बनलेली नव्हती. खरेदी, स्वीकार आणि बसवणूक अशा तीन टप्प्यांवर ही चूक पकडता आली असती. एकाही टप्प्यावर ती पकडली गेली नाही.

337 दिवस आधी

त्या प्रकारची पहिली केबल 601 दिवस चालली. मग त्याच प्रकारची दुसरी आली. केबलचं आयुष्य 600 दिवसांचं धरलेलं होतं, त्यामुळे अपघाताच्या दिवशी हिशेबाने अजून 263 दिवस शिल्लक होते. पहिली केबल काही न होता पार पडली, यानेच सगळे निर्धास्त झाले असावेत.

सकाळी 9.13

देखभाल करणाऱ्या कंपनीचा कर्मचारी रोजच्या तपासणीला येतो. 9.46 ला काम संपतं आणि सगळं ठीक असल्याची नोंद होते. केबल जिथे डब्याला जोडलेली असते, ती जागा भाग सुटे केल्याशिवाय दिसत नाही. डोळ्यांनी केलेल्या तपासणीत तिथलं काही कळणं शक्यच नव्हतं. पुढे तपासात आणखी एक गोष्ट समोर आली. देखभालीची काही कामं कागदावर झालेली दिसत होती, पण ती प्रत्यक्षात झालीच असतील असं म्हणता येत नव्हतं.

सकाळी 10 च्या सुमारास

जहाज धक्क्याला असलं, की याच सुमाराला प्रवाशांचे लोंढे शहरात उतरतात. स्वतंत्रपणे फिरणाऱ्याच्या मनात सतत एक घड्याळ चालू असतं. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं. आपला आपण गेलेल्यासाठी थांबत नाही. म्हणून तो जहाजावरची वेळ आणि शहरातली वेळ एकच आहे ना, हे पाहून घेतो. जहाजावर परतायची शेवटची वेळ लिहून ठेवतो आणि तिच्या तासभर आधी धक्क्यावर पोहोचायचं ठरवतो. पाकीट पुढच्या खिशात, पासपोर्टची प्रत वेगळी. ट्राम, बस आणि फनिक्युलरला चालणारा दिवसभराचा पास. माणसाने जी काळजी घ्यायची, ती सगळी त्याने घेतलेली असते.

दुपारी 1 ते 5

दिवसभर ग्लोरियाचे दोन डबे वर-खाली करत असतात. खालच्या स्थानकावर रांग लागते. वर साओ पेद्रो द आल्कांताराची बाग आहे. तिच्या कठड्यापाशी उभं राहिलं की समोरच्या टेकडीवर साओ जॉर्जचा किल्ला आणि खाली शहराची लाल कौलं दिसतात. वेळ थोडा असलेल्याला हे फार मोलाचं वाटतं, कारण चढणीचे श्रम वाचतात आणि पाहण्याजोगं एक ठिकाण पदरात पडतं. डब्यात पर्यटकांसोबत रोजचे प्रवासीही असतात. ग्लोरिया ही लिस्बनकरांची नेहमीची वाट होती.

संध्याकाळी 6

दोन्ही डबे आपापल्या टोकाला उभे आहेत आणि प्रवासी चढताहेत. वरच्या डब्यात ब्रेकमन आपल्या जागी आहे.

6.03 च्या सुमारास

डबे निघतात. काही मीटरच सरकतात आणि वरच्या डब्याला केबल जिथे जोडलेली असते, तिथे ती सुटते. त्या क्षणी दोन डब्यांचा तोल संपतो. खालचा डबा झटक्याने मागे येतो आणि मार्गाच्या टोकाशी अडकतो. वरचा डबा उताराला लागतो.

ब्रेकमन लगेच हवेचा ब्रेक लावतो आणि हाताचाही. दोन्ही ब्रेक लागतात, पण वेग वाढतच राहतो. हे ब्रेक केबल शाबूत असताना डबा आवरण्यापुरते होते. केबल नसताना एकटा भरलेला डबा थोपवण्याची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि तशी चाचणी कधी घेतलीही गेली नव्हती. सुमारे 170 मीटरवर मार्ग उजवीकडे वळतो. तिथे डबा रुळांवरून उतरतो, भिंतीवर आपटतो आणि कोपऱ्यावरच्या इमारतीवर आदळून चुरा होतो. वेग ताशी 60 किलोमीटरच्या आसपास. सुरुवातीपासून शेवटापर्यंत 50 सेकंदही लागले नाहीत. त्या एवढ्या वेळात ब्रेकमनने त्याच्या हातात होतं ते सगळं केलं. मृतांमध्ये तोही आहे.

रात्री 8 नंतर

अग्निशमन दल काही मिनिटांतच पोहोचलं होतं. साधारण दोन तासांत सर्व जखमी आणि मृत ढिगाऱ्यातून बाहेर काढले गेले. वीसहून अधिक जण जखमी. दुसऱ्या दिवशी मृतांची संख्या 17 सांगितली गेली आणि मग 16 अशी दुरुस्त झाली. पाच पोर्तुगीज, तीन ब्रिटिश, दक्षिण कोरिया आणि कॅनडाचे दोन-दोन, अमेरिका, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि युक्रेनचा एकेक. पोर्तुगालने राष्ट्रीय शोक पाळला आणि शहरातली बाकीची फनिक्युलरही थांबवली गेली.

त्यानंतर

परक्या शहरात आपलं आपण फिरणं धोक्याचं, असा अर्थ या घटनेतून काढू नये. गेलेल्यांपैकी कोणी निष्काळजी नव्हतं. परवानगी असलेल्या, तपासणी झाल्याची नोंद असलेल्या सार्वजनिक वाहनात ते बसले होते. प्रवासी घड्याळ सांभाळू शकतो, खिसा सांभाळू शकतो, रस्ता विचारू शकतो. रस्त्याखालची केबल सांभाळणं हे शहराचं काम आहे. तिथे लिस्बन कमी पडलं, आणि व्यवस्थाही अशी होती की ऐतिहासिक ग्लोरिया राष्ट्रीय वाहतूक नियामकाच्या देखरेखीत येत नव्हती. जुनेपणाचा मान मिळाला, पण जुन्या यंत्राला लागणारी जास्तीची नजर मिळाली नाही.

हे लिहिताना मला सप्तशृंगी गडावरची फनिक्युलर ट्रॉली आठवते. तिथे म्हातारी माणसं देवीवर आणि यंत्रावर सारख्याच विश्वासाने डोळे मिटून बसतात. त्यांनी केबलचा दाखला मागावा अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही. तो दाखला तपासणारं, ज्याचा त्या तिकिटाच्या पैशांशी संबंध नाही असं कोणीतरी असायलाच हवं.

पोर्तुगालच्या तपास संस्थेने ऑक्टोबर 2025 च्या अहवालात हेच मागितलं. केबल तुटली तरी डबा थांबवू शकतील असे ब्रेक आहेत, हे सक्षम संस्थेने तपासून सांगितल्याशिवाय ही फनिक्युलर पुन्हा चालू करू नयेत. ही अट ग्लोरियापुरती न राहता जगातल्या प्रत्येक चढणीवर, आपल्या गडांवरही, लागू व्हायला हवी. आणि ती अपघात होण्याआधी लागू व्हायला हवी.