गौण खनिजांचा कायदा व आपला समाज

दगड फोडणे हा आपल्या वडार समाजाचा पिढीजात व्यवसाय. गाडीवडारांनी दगड वाहिले, मातीवडारांनी विहिरी व तलाव खोदले, पाथरवटांनी जाती-पाटे घडविले. परंतु ज्या दगडावर आपल्या वाडवडिलांनी घाम गाळला, त्यावर हक्क कोणाचा, याचे उत्तर सरकारदरबारी फार पूर्वीच लिहिले गेले होते. तो इतिहास समाजबांधवांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुंबई इलाख्यात १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने बिनदुमाला जमिनींतील खनिजांवरील हक्क सरकारने राखून ठेवला. स्वराज्यात, १९५७ साली, संसदेने खाणी व खनिजे यांविषयी कायदा केला. इमारती दगड, साधी वाळू, चिकणमाती यांस त्यात ‘गौण खनिजे’ म्हटले असून त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांस दिला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४८ ने परवानगीवाचून उत्खनन करणारास दंड ठरविला. नाव गौण खरे. पण ज्याची भाकरी त्यावर, त्यास ते गौण कसे वाटावे?

पुढे सुतकी व पहार यांच्या जागी खडीयंत्रे आली आणि डोंगरच्या डोंगर नाहीसे होऊ लागले. तेव्हा २७ फेब्रुवारी २०१२ रोजी, हरियाणातील एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांसही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली. महाराष्ट्राने २०१३ मध्ये गौण खनिजांचे नवे नियम केले.

नियम नकोत असे आमचे म्हणणे नाही. नदीतील वाळू उपसली की काठच्या विहिरी आटतात, आणि उघड्या टाकलेल्या खाणीत पावसाळी पाणी साचून लेकरांचा जीव धोक्यात येतो. परंतु अर्ज, नकाशा, मंजुरी, चलन ही वाट धनिकास सोपी व पालात राहणारास अवघड आहे. आम्ही शिक्षक असताना खाणकामगारांची मुले वर्गात येत. खाणीचे काम संपले की बिऱ्हाड हले व हजेरीपटावरील नाव निघे. ज्याचे नाव पटावर टिकत नाही, त्याने सरकारी नियम वाचावा कसा?

म्हणून आमची समाजबांधवांस विनंती एवढीच की, प्रत्येक घरातील एक तरी मुलगा वा मुलगी हा कायदा वाचण्याइतकी शिकावी. दगड फोडण्याचे कसब पूर्वजांनी दिले. कागद वाचण्याचे कसब आपणच मिळविले पाहिजे.