दांडीच्या सायकलवरच्या बाया

आजची हकिगत तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची. १९९१ साली तिथं साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. कलेक्टर होत्या शीला राणी चुंकत. बाईला अक्षर आलं, पण घराबाहेर पडायला नवऱ्याची नाहीतर भावाची वाट बघावी लागली, तर काय उपयोग? म्हणून पाटीच्या जोडीला सायकल शिकवायचं ठरलं.

शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, नर्स, सगळ्या शिकल्या. पुरुष टोमणे मारायचे, घाणेरडं बोलायचे. (ते कुठं नवीन आहे!) शिकणाऱ्या इतक्या वाढल्या, की दुकानांत लेडीज सायकली पुरेनात. मग बायांनी सरळ जेंट्स सायकली घेतल्या. कित्येकींना तर तीच पसंत पडली, कारण पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं.

खेड्यातून माल विकणाऱ्या बायांचा निम्मा वेळ बसची वाट बघण्यात जायचा. स्टॉपपर्यंत सोडायलाही घरातला माणूस लागायचा. पोरं आणि पाणी यांच्यापायी लवकर परतावं लागायचं, मग दोन-चार गावं राहून जायची. सायकल आली तशी ती गावंही होऊ लागली, आणि पाण्याचा हंडा मागच्या कॅरियरवर बसला.